पाण्यातलं पीक

खुशालरावांनी सकाळी बटण दाबलं, काचेच्या पेटीवरचा दिवा लागला, आणि त्यांनी सवयीप्रमाणे आधी पानं पाहिली. पानं बरी दिसत होती. कालच्यापेक्षा ताठ, थोडी काळपट हिरवी, आणि ते पाहून त्यांना चक्क समाधान वाटलं. हे समाधान पुढे कितीतरी दिवस त्यांना बोचत राहायचं होतं. मग त्यांचं लक्ष वर गेलं. सातही मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होते. एरवी दिवा लागला की ते काचेजवळ गर्दी करायचे, आज एकही खाली आला नाही. "भुकेले असतीन," चहाचा कप घेऊन आलेली शालू म्हणाली. खुशालरावांनी कप घेतला आणि चिमूटभर खाद्य टाकलं. दाणे माशांच्या तोंडाला लागले, बाजूला झाले आणि तरंगत राहिले. एक बारका मासा हळूच कुशीवर वळला, पुन्हा सावरला, पुन्हा वळला, आणि तेवढ्या दोन वळणांत खुशालरावांना सोमवारच्या संध्याकाळचा तो चमचा आठवला. हातातला कप त्यांनी टीव्हीवर ठेवला, म्हणजे ठेवायला गेले, आणि टीव्ही आता भिंतीला चिकटलेला पातळ असतो हे विसरल्यामुळे कप खाली पडून फुटला. शालू नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण असं तोंड तिनं याआधी एकदाच पाहिलं होतं, पुण्याहून फोन आला त्या दिवशी.

चमचा चहाचाच होता, आणि त्यात युरिया होता. गच्चीवरच्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालायला म्हणून बिस्किटांच्या डब्यात किलोभर ठेवलेला. पुण्याच्या प्रकारानंतर खुशालरावांनी घरातून काय काय बाहेर काढलं होतं: ढेकणांचं औषध, उंदरांच्या वड्या, संडास धुवायचं अ‍ॅसिड, शालूच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा रोजच्या रोज मोजून बाहेर आणि बाकीच्या कुलपात. युरिया तेवढा राहिला, कारण युरिया म्हणजे काही विष नव्हे. एकतीस वर्षं कृषी सहाय्यक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला युरिया काय आहे हे कोणी शिकवायची गरज नव्हती. अंजनगाव सुर्जीपासून मूर्तिजापूरपर्यंत किती बांधांवर उभं राहून त्यांनी लोकांना सांगितलं असेल, पान पिवळं पडलं की नत्र कमी पडलं, वाट पाहू नका, पिकाच्या तोंडी घास उशिरा गेला तर काय उपयोग? कपाशीवर दोन टक्क्यांची फवारणी म्हणजे लिटरला वीस ग्रॅम. पेटीत पाणी ऐंशी लिटर. त्या हिशेबानं सोळाशे ग्रॅम लागला असता, आणि त्यांनी टाकला फक्त एक चमचा, पाच ग्रॅम, तोही कोमट पाण्यात विरघळवून, चारी कोपऱ्यांत सारखा. इतकं जपून तर त्यांनी आयुष्यात कुठल्या पिकाला खत दिलं नव्हतं. टाकताना त्यांना हसूही आलं होतं, की साहेब, निवृत्तीनंतर तुम्ही आता पाण्यात शेती करायला लागलात! कपाशीच्या शेतात मासे नसतात, एवढी एकच गोष्ट त्या सगळ्या हिशेबात धरायची राहून गेली होती.

पेटी अनुपची होती, आणि अनुप त्या पेटीच्या आधारानं उभा होता. हे असं उघड कोणी बोलत नसे, पण अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या तीन खोल्यांत नवराबायको दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. त्यातली सहा वर्षं पुण्यात, स्पर्धा परीक्षांत गेलेली. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षेतच राहिला तेव्हा खुशालराव म्हणाले, पहिला पेरा आहे, दुबार पेरणी करू. दुसऱ्या वर्षी दोन मार्कांनी गेला, तेव्हा त्यांनी क्लास बदलून दिला. तिसऱ्या वर्षी खोली बदलली, चौथ्या वर्षी विषय. पाचव्या वर्षी अनुप फोनवर म्हणाला, "बाबा, मले आता वापस याचं हाये," आणि खुशालरावांनी त्याला तासभर समजावलं. त्या तासाभरात आपण काय बोललो हे त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं, कारण तेव्हा ते स्वतःवर फार खूश झाले होते. एवढं हातातोंडाशी आलेलं पीक कोणी सोडून देतं का, असंही ते म्हणाले होते. पोरगं पलीकडे "हो, हो" म्हणत होतं. त्यानंतर अकरा महिन्यांनी त्याच्या मित्रांनी खोलीचं दार फोडलं. वेळेवर फोडलं, एवढंच. दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवर अनुपचं पिवळं तोंड पाहिलं आणि खुशालरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा पिवळा कधी पडायला लागला? आपण पाहिलं कसं नाही? पानापानावरची कीड ओळखणारा माणूस आपण. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या होत्या, "त्याला ढकलू नका. विचारू नका. काहीतरी जीव लावून सांभाळायला मिळालं तर फार बरं, पण तेही त्याचं त्याला सापडू द्या." खुशालरावांनी हे एका वहीत लिहून घेतलं होतं, तारीख घालून.

सापडलं ते असं. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची बदली झाली आणि त्यांनी एक रिकामी पेटी जिन्यात सोडून दिली. दोन दिवस ती तिथे धूळ खात पडली होती. तिसऱ्या दिवशी अनुपनं ती आत आणून धुतली. मग आठवडाभर तो मोबाइलवर काहीबाही वाचत बसला, आणि एका सकाळी, जवळजवळ दीड वर्षानं, त्यानं बापाकडे काहीतरी मागितलं. "बाबा, काकाच्या वावरातली माती आणता येईन का? खत नसलेली. बांधावरची चालते." खुशालराव त्या शब्दांनी इतके हलले की उत्तर द्यायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभे राहिले. त्याच दिवशी दोघं स्कूटरवर अंजनगावला गेले, एवढ्या लांब, मध्ये दोनदा थांबत. बांधावर अनुप उकिडवा बसून ती काळी ढेकळं हातानं फोडत होता आणि खुशालराव त्याच्या मानेकडे पाहत होते. उन्हानं लाल झालेली बारीक मान, लहानपणी केस कापून आणल्यावर दिसायची तशीच. घरी आल्यावर अनुपनं माती वाळवली, शालूची पिठाची चाळणी न विचारता घेतली आणि सगळी माती तिच्यातून गाळली. शालूनं चाळणी पाहून कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा, आता पोया काय मातीच्या करू?" आणि अनुप हसला. मोठ्यानं नाही, नाकातून आल्यासारखं, पण हसला. त्या रात्री जेवताना दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

मग अनुप त्यांचा गुरुजी झाला. पेटीच्या तळाशी दोन बोटं काळी माती, तिच्यावर दोन बोटं धुतलेली बारीक रेती, म्हणजे माती पाण्यात उठत नाही. पाणी बशीवर ओतायचं, थेट नाही. पाणी गच्चीवरच्या ड्रमात दोन दिवस उघडं ठेवलेलं, नळाचं ताजं नाही, त्यातल्या औषधानं मासे मरतात. दिवा सहा ते सात तास, जास्त लावला तर काचेवर शेवाळ चढतं. आणि मासे पहिल्या दिवशी आणायचे नाहीत. महिनाभर नुसती झाडं. "महिनाभर? बिना माशाची?" खुशालराव म्हणाले होते. "हो. पाणी आपलं आपल्यानं तयार होते. आपुन फक्त थांबाचं." हे थांबायचं प्रकरण खुशालरावांना पहिल्यापासून जड गेलं. जाड पानांचं एक झाड अनुपनं दोऱ्यानं दगडाला बांधून पाण्यात सोडलं होतं, मुळं उघडीच. एका दुपारी अनुप झोपलेला पाहून त्यांनी ते सोडवलं आणि चांगलं बोटभर खोल, शेतकऱ्याच्या हातानं, रेतीत लावून दिलं. संध्याकाळी अनुपनं ते उपटलं, धुतलं, पुन्हा दगडाला बांधलं. बांधताना म्हणाला, "याचं खोड गाडलं का सडते, बाबा. हे असंच राह्यते. उघडं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं खुशालरावांना वाटलं. पण ते शिकत होते. रोज सकाळी दिवा लावायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं, आणि चहाच्या वेळी बापलेक पेटीसमोर बसून दहा-दहा मिनिटं एक शब्द न बोलता पाण्यात बघत, तेव्हा खुशालरावांना आपलं सगळं आयुष्य तिथंच संपलं तरी चाललं असतं. म्हणजे त्या दहा मिनिटांपुरतं. त्यातही त्यांचं डोकं एकीकडे पानं मोजतच असायचं.

मागच्या पंधरवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. अनुपनं रुंद पानांची चार नवी झाडं आणून लावली, आणि अमरावतीला दिलेल्या बहिणीनं, आरतीनं, त्याच्यासाठी एक काम शोधलं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, एका कापडाच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. सोमवार ते शुक्रवार काम पाहायचं, त्यांना पसंत पडलं तर कायम. राहायचं आरतीकडे. अनुप जाईल असं कोणालाच वाटत नव्हतं. तो गेला. रविवारी संध्याकाळी पाठीला पिशवी लावून पेटीसमोर उभा राहिला आणि बापाला म्हणाला, "नव्या झाडाईचे जुने पानं आता गळतीन. ते दुकानात पाण्याच्या बाहेर वाढले राह्यतात, पाण्यात त्याईले टिकता येत नाही. पिवळे पडतीन, चिकट होतीन. होऊ द्या. बुडातून नवे येतात. तुमी फक्त दिवा लावा अन् बंद करा." "अन् खायला?" "दिवसाआड. चिमूटभर." मग दारात वळून म्हणाला, "शनिवारी येतो मी. झाडं पाहाले." आईला भेटायला नाही, घरी राहायला नाही, झाडं पाहायला. शालू नंतर म्हणाली, "कायच्या का निमित्तानं होईना, येते ना वापस. थे पेटी हाये म्हनून येते." खुशालरावांनी मान डोलावली. पेटीपुढे खुर्ची ओढून ते बसले, आणि सोमवारी दिवसभरात त्यांच्या डोळ्यांदेखत एक पान कडेपासून पिवळं होत होत मधल्या शिरेपर्यंत आलं. ते पान त्यांना पाहवेना. असं होऊ द्या म्हणे! मेलेलं पान पाहत बसून जगलेलं एकही पीक त्यांना आठवत नव्हतं. संध्याकाळी अनुपचा फोन आला, त्याचा आवाज थकलेला होता, आणि फोन ठेवल्यावर तो थकलेला आवाज आणि ते पिवळं पान यांत काही फरक करणं खुशालरावांना जमलं नाही. ते उठले आणि गच्चीवरून बिस्किटांचा डबा घेऊन आले.

आता बुधवारी सकाळी ते गच्चीवर आणि खाली अशा खेपा घालत होते. ड्रमातलं पाणी बादलीनं आणत होते, पेटीतलं मगानं काढत होते, बशीवर ओतायचं विसरत होते, त्यामुळे रेतीखालची माती उसळून पाणी काळं झालं. काकाच्या बांधावरची माती, अनुपनं ढेकूळ ढेकूळ फोडलेली. त्या गढुळातून अधूनमधून एखादा मासा काचेजवळ येई, त्याचे कल्ले लालभडक दिसत, आणि पुन्हा आत जाई. "अनुपले फोन करून इचारा ना काय कराचं थे," शालू म्हणाली, आणि लगेच तिनंच तोंडावर हात ठेवला. साडेअकरापर्यंत सगळं संपलं. खुशालरावांनी सातही मासे चाळणीनं काढले. हाताला तीच लागली. शालूनं ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही. मासे कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले, आणि पुरताना खुशालरावांच्या डोक्यात, त्यांची इच्छा नसताना, आलंच, की याचं खत चांगलं होईल. मग ते गच्चीवर तसेच बसून राहिले. रडू येत नव्हतं. शालू वर आली, त्यांच्याजवळ बसली. "त्याले सांगू नका," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत तं सांगूच नका. आरती म्हने, थो डबा खाते म्हने तिथल्या लोकाईसंग बसून. मन लागून राह्यलं त्याचं. आता हे सांगसान तं थो तिथूनच कुठी..." दोन वर्षांत त्या दोघांनी ते वाक्य कधीच पूर्ण केलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन आला. "झाडं कशे हायेत, बाबा?" "झकास," खुशालराव म्हणाले. "पानं गळून राह्यले?" "हो. एकदोन." "अन् मासे?" "हायेत की. आपले हायेत." गुरुवारी अनुप म्हणाला, व्हिडिओ लावा, पाहू द्या, आणि खुशालराव म्हणाले नेट नाही, आणि आश्चर्य असं की त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना या वयात कळत होतं. खरं तर आधीच कळायला हवं होतं, कारण मुलगा पुण्याहून शेवटचे अकरा महिने "हो, अभ्यास चालू हाये, मजेत हाये" असं सांगत होता तेव्हा त्याचाही आवाज कधी हलला नव्हता. शुक्रवारी ते माशांच्या दुकानात गेले. तसेच सात घ्यायचे, पाणी तर बदललंच होतं, कोणाला कळतं? दुकानात भिंतभर पेट्या. दुकानदारानं हातात जाळी घेऊन विचारलं, "कोनते देऊ, काका?" खुशालराव पेट्यांसमोरून चालत गेले आणि परत आले. शेपटीला नारिंगी होतं की निळं? एकाच्या अंगावर ठिपके होते, की तो दुसरा? एकाची शेपटी फाटलेली होती, असं अनुप एकदा म्हणाला होता, त्याला त्यानं काहीतरी नावही दिलं होतं. तीन महिने रोज सकाळी ते त्या पेटीसमोर बसले होते, आणि त्यांना सातांतला एकही मासा आठवत नव्हता. पानं मात्र सगळी आठवत होती, कोणत्या झाडाला किती, कोणतं कुठे डागाळलेलं. "आधीचे मेले का?" दुकानदार म्हणाला. "कायनं मेले, सांगा, नाही तं हेही मरतीन." खुशालराव "उद्या येतो" म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर कडक ऊन होतं. रस्ता ओलांडताना कोणीतरी हॉर्न वाजवून शिवी दिली, ती त्यांना योग्य वाटली.

शनिवारी दुपारी ते बसस्टँडवर घ्यायला गेले. ठरवून गेले होते, की स्कूटरवरच सांगायचं, तोंड दिसत नाही तोवर. पण अनुप मागे बसल्या बसल्या बोलायला लागला. दोन वर्षांत तो इतका बोलला नव्हता. स्टोअरमध्ये सुताच्या कोनांचे, म्हणजे रिळांचे, ढीग असतात म्हणे, नंबराप्रमाणे; चुकीचा लॉट मागावर गेला की कापडाच्या अख्ख्या ताग्यात वेगळ्या रंगाचा पट्टा उठतो. परवा त्यानं असा एक लॉट पकडला. सुपरवायझर पुंजाजी म्हणून आहेत, सत्तावन्न वर्षांचे, ते म्हणाले पोराची नजर आहे. "पक्कं केलं त्याईनं, बाबा. सोमवारपासून." वारा होता, शब्द अर्धे उडून जात होते, आणि खुशालराव प्रत्येक सिग्नलला तोंड उघडून पुन्हा मिटत होते. घरी आल्यावर अनुपनं बूटसुद्धा काढले नाहीत. सरळ पेटीपुढे गेला आणि खाली वाकला. पाणी आता निवळलं होतं. रुंद पानांच्या झाडाला बुडातून दोन नवी पानं फुटली होती, बोटाएवढी, पारदर्शक हिरवी. "आलं," अनुप म्हणाला. "आलं ना, म्हटलं होतं मी." ती पानं युरियानं आली की येणारच होती म्हणून आली, हे खुशालरावांना आता कधीच कळणार नव्हतं. अनुपची नजर वर गेली, डावीकडे, उजवीकडे, दगडामागे. तो वाट पाहत होता. मग सरळ उभा राहिला.

"युरिया टाकला मी," खुशालराव म्हणाले. "सोमवारी. एक चमचा. बुधवारी सकाळी गेले सगळे."

स्वयंपाकघराच्या दारात शालू उभी होती. अनुपनं आधी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिलाही माहीत होतं, हे त्याला समजलं.

"बुधवारी," तो म्हणाला. "मंग रोज मले फोनवर..."

"तुही नोकरी लागू दे म्हटलं, बेटा," शालू म्हणाली.

"टाकला कावून?"

काय सांगणार? नत्र, दोन टक्के, ऐंशी लिटर? "पान पिवळं होऊन राह्यलं होतं," खुशालराव म्हणाले. "मले नाही पाहवलं."

अनुपनं पुन्हा त्या दोन नव्या पानांकडे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात, एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, "पाहाचं होतं, बाबा. नुसतं पाहाचं होतं." आणि खुशालरावांना जे समजलं ते पेटीबद्दल नव्हतं. ते खुर्चीवर बसले. त्या फोनवरच्या तासाभरात, पाचव्या वर्षी, पोरगं यापेक्षा जास्त काहीच मागत नव्हतं. त्यांना म्हणावंसं वाटलं, चुकलो रे. ते म्हणाले, "चहा घेशीन?" अनुप म्हणाला, "घेतो."

तो ओरडला नाही, खोलीत जाऊन बसला नाही. रात्री नीट जेवला, आईला आणखी एक पोळी मागितली. रविवारी सकाळी त्यानं नळी लावून पेटी रिकामी केली. झाडं ओल्या पेपरात गुंडाळून दुकानात देऊन आला. रेती वेगळी काढली, माती वेगळी; माती गच्चीवरच्या कुंड्यांत थोडी थोडी घातली, काच फडक्यानं कोरडी करून पेटी जिन्यात नेऊन ठेवली, आधी होती तिथेच. खुशालराव पाहत होते. पुढे होऊन बादली धरावी असं त्यांना दर मिनिटाला वाटत होतं, आणि दर मिनिटाला ते स्वतःला थांबवत होते. सगळं झाल्यावर अनुप हात धुऊन आला. "आरतीताईकडं नाही राह्यत मी," तो म्हणाला. "ताई चांगली हाये, पण तिच्याकडं मले कोनी एकटं सोडत नाही. न्हानीत जास्त वेळ लागला तरी दार वाजोतात. नांदगाव पेठेत एक खोली पाह्यली. कारखान्यापासून पायी." शालू म्हणाली, "एकटा?" "एकटाच, आई. लोकं राह्यतात." "अन् शनिवारी येशीन ना?" अनुपनं पेटीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं, आणि खरं सांगितलं. "आता मुद्दाम नाही येनार. सुट्टी असन तं पाहू." बसमध्ये चढताना तो बापाला म्हणाला, "रोज फोन नका करू, बाबा. तुमी फोन केला का मले वाटते, म्या काही केलं का काय हे पाहाले केला. रविवारी मीच करन. तोपर्यंत करू नका. कबूल?" खुशालराव म्हणाले, "कबूल."

आज मंगळवार. सात वाजून गेले होते. फोन दोघांच्या मध्ये सोफ्यावर पडला होता, उताणा. नांदगाव पेठेतली ती खोली खुशालरावांनी पाहिली नव्हती, म्हणून ते ती सारखी बनवत होते: एक खिडकी, एक बल्ब, भिंतीला खिळा, आतून कडी असलेलं दार. पोरगं ड्युटीवरून आलं असेल. जेवलं असेल. किंवा उताणं पडून छताकडे पाहत असेल, आणि या क्षणी कोणी हाक मारली तर बरं, असं त्याला वाटत असेल. पुण्याला त्या संध्याकाळी खुशालरावांनी फोन केला नव्हता. उद्या परीक्षा आहे, त्रास नको, म्हणून मुद्दाम केला नव्हता. ज्या वेळी थांबायचं त्या वेळी ते खत टाकत आले होते आणि ज्या वेळी हाक मारायची त्या वेळी थांबले होते, आणि आजची वेळ यातली कोणती, हे सांगणारं कुठलंच शास्त्र ते एकतीस वर्षांत शिकले नव्हते. "एकदा लावा ना," शालू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "नुसती रिंग जाऊ द्या. उचलला का ठेवून द्या." "नाही," खुशालराव म्हणाले. "अहो, पन..." "नाही म्हटलं ना." रविवार पाच दिवसांवर होता. शालू पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि खुशालरावांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून वरून सगळं वजन टाकलं, म्हणजे ते सुटणार नाहीत.